तळाची मूठ

चारुलताबाईंनी मलकापूरच्या कॉलेजात आयुष्यभर पदार्थविज्ञान शिकवलं आणि आयुष्यभर एकाच वेडापायी हसं करून घेतलं. वेड तसं साधं होतं. उंचावरचं घड्याळ खालच्यापेक्षा किंचित पुढे पळतं, म्हणजे महाबळेश्वरात काळ सांगलीपेक्षा नखभर घाईत असतो. हे मोजून झालेलं आहे. दुसरं, एखाद्या जागेतून हवा, उजेड, ऊब, सगळं काढून घेतलं तरी तिथं थोडी ऊर्जा उरतेच. तेही पक्कं आहे. बाई म्हणायच्या, ही उरलेली ऊर्जाच कुठंतरी काळाचा पाय मागे ओढत असेल. बस्स, एवढाच अंदाज. स्टाफरूममधली मंडळी चहा पिताना विचारायची, "काय बाई, आज काळ कुठवर आला?" बाई त्यांना भीक घालत नसत.

मनापासून ऐकणारा एकच भेटला, वडूजचा वीरधवल. तास संपला तरी हा प्रश्न विचारत थांबायचा. बाई सांगायच्या, "आई तांदळाचा डबा कधी पार पुसून घेते का? तळाला मूठभर ठेवतेच. निसर्गाचंही तसंच. फक्त त्याची मूठ कुणालाच उपसता येत नाही." बाईंना मूलबाळ नव्हतं. आपला अंदाज हा पोरगा पुढे नेईल, असं त्यांनी मनाशी धरून ठेवलं होतं.

बाई निवृत्त झाल्या आणि यंदा वीरधवल उगवला, तो सत्काराचं आमंत्रण घेऊन. बाई हरखल्या. सांगलीच्या मंगल कार्यालयात पोचल्या, तर दारातच हा मोठा फलक: 'शून्यशक्ती खुर्ची! रोज बसा, म्हातारपण लांबवा! चारुलताबाईंनी सिद्ध केलेलं तत्त्व!' खाली बाईंचा हसरा फोटो. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"वीरधवल, हे मी कधी सिद्ध केलं रे?"

"बाई, आत बघा की, हॉल गच्च भरलाय," तो हळूच म्हणाला. "इतकी वर्सं तुमचं कुणी ऐकलं का? आज समदी ऐकत्यात. तुमी फकस्त शाल घ्या, बाकी मी बोलतो."

बाईंनी आत डोकावलं. खरंच पाय ठेवायला जागा नव्हती. खोटं कशाला बोला, क्षणभर त्यांना मोह झाला. गप्प बसलं तर सगळ्या चेष्टेची भरपाई इथंच होणार होती. बोललं तर होता तो एकुलता एक शिष्यही जाणार होता.

मंचावर लाल मखमलीची, लुकलुकत्या दिव्यांची खुर्ची मांडलेली होती. निवेदकानं नारळ पुढे केला, तसे बाईंनी हात मागे घेतले. आपल्याकडं नारळ हातात पडला की माणसाचं तोंड बंद होतं, हे त्या जाणून होत्या.

"आधी बोलते, सत्काराचं मग बघू," म्हणत त्यांनी माईक ओढला. "हे मी सिद्ध केलेलं नाही. कुणीच केलेलं नाही. तो माझा अंदाज आहे. आणि उद्या खरा निघाला, तरी तळाची ती मूठ कुणाला उपसता येत नाही, मग खुर्चीत कुठून भरणार? हिच्यात बसून फार तर कंबर धरेल. उठा, घरी जा!"

एकच गलका झाला.

"बाई, वाटोळं केलंत माझं," वीरधवल पुटपुटला. बाईंनी माईक सोडला नाही.

पुढच्या रांगेतले फेटेवाले आजोबा उठले. "आवं बाई, म्हंजी तुमचं समदं खोटंच म्हना की!"

लोक हसले. अगदी स्टाफरूममधलं हसू.

"खोटं कोण म्हणतं?" बाई कडाडल्या. "खोटं ठरवून दाखवा, मी इथंच कान पकडीन. तोवर माझा अंदाज मी सोडणार नाही, आणि कुणाला विकूही देणार नाही!"

मग त्या वीरधवलकडे वळल्या. शाल अजून त्याच्या हातातच होती.

"ती जपून ठेव. माझा अंदाज खरा की खोटा, दोन्हीतलं एक काहीतरी सिद्ध करून ये. खोटा ठरवलास तरी चालेल. त्या दिवशी ही शाल मी तुझ्या खांद्यावर घालीन."