पेट्यांना कमी बोलायला शिकवणारी मावशी

हट्टाला चष्मा लावून स्कूटरवर बसवलं असतं, तर तो हुबेहूब आमच्या मावशीसारखा दिसला असता. नव्वदच्या दशकात ती सावेडीला राहायची, कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायची. बिनतारी संदेशाचा रीतसर परवाना तिनं काढला होता. पर्समध्ये कंगवा नसे, पण सोल्डरची तार हमखास असे. एका लग्नात आहेरात आलेल्या घड्याळाचं तिनं मांडवातच पोट उघडलं आणि "हे चाललंच नसतं," असं नवरीच्या आईला तोंडावर सांगितलं.

देवळाली प्रवऱ्याला तिच्या धाकट्या दिरांचा ऊस होता आणि तीन विहिरी. पाणी आटल्यावरही मोटार चालत राहून जळू नये, म्हणून मावशीनं प्रत्येक विहिरीवर एक पेटी बसवली. वर सौर पट्टी, आत लहानशी बॅटरी. लांबची पेटी पाण्याची पातळी बिनतारी मधलीला कळवायची, मधली घरातल्या घंटेला; पाणी आटत आलं की घंटा वाजायची. पेट्या दर मिनिटाला बोलायच्या आणि मावशी खूश असायची. मग मे महिन्यात तीन दिवस ढग आले. दुप्पट राबणारी मधली पेटी मुकी झाली आणि लांबच्या विहिरीवरची मोटार जळाली.

"वैनी, आमी तुमच्या पेटीच्या भरवशावर बसलो हुतो. ऊस वाळतोय," दीर एवढंच म्हणाले.

त्यांनी मोटार दुरुस्त करून आणली, तोवर मावशी बांधावर छत्री रोवून बसली होती. ऊन किती आलं, पेटीनं किती खाल्लं, सगळं वहीत टिपत उन्हाळ्याची सुट्टी घालवली. तासाला एकदाच बोलायला लावलं, तर दीर म्हणाले, "तासाभरात इहीर आटती की!" पुन्हा सोल्डर. शेवटी तिनं शिस्त लावली: पाणी हललं नाही तर गप्प बसायचं, ढगात आणखी कमी बोलायचं, पण शेवटच्या हाकेपुरता जीव कायम राखून ठेवायचा. मधलीला मोठी पट्टी दिली.

जूनमध्ये चार दिवस आभाळ नुसतंच गच्च राहिलं. चौथ्या दुपारी घंटा वाजली. दीर धावत गेले, मोटार बंद केली; विहिरीत ओंजळभर पाणी उरलं होतं. धापा टाकत परत आले. "वैनी, बोलली बगा पेटी!" मावशी "हं" म्हणाली आणि अर्ध्या जेवणावरच भिंतीला टेकून झोपून गेली.

पुढे तिची नजर अधू झाली, सोल्डर सुटलं. आभाळ भरून आलं की ती मला पुण्याला फोन करायची, "तुझ्याकडे ऊन आहे का गं?" आहे म्हटलं की तिला बरं वाटायचं. तिच्या शेवटच्या पावसाळ्यात मी रोज खोटंच "आहे" सांगत होते.