तीन भोकांचं क्रियाविशेषण

कंडक्टर चाचा इंग्रजी शब्दांना भोकं पाडायचे. नामाला एक, क्रियापदाला दोन, क्रियाविशेषणाला तीन. तेही तिकिटं टोचायच्या पंचानं. आम्ही कुंभिवलीची पोरं एसटीनं खालापूरच्या शाळेत जायचो. बसल्या बसल्या हातात एक कागदाची पट्टी पडायची, तिच्यावर चाचांच्या अक्षरात इंग्रजी वाक्य. उतरायच्या आत प्रत्येक शब्दाची जात सांगायची, की चाचा त्यावर भोकं पाडणार.

"क्रियापद म्हंजे डायवर," ते सांगत. "नाम म्हंजे तुमी, पाशिंजर. आन् क्रियाविशेषण म्हंजे मी. गाडी कशी चालली, कुठं चालली, कवा पोचंल, सगळं मीच सांगतो. म्हणून तीन भोकं."

धडा संपला की ठरलेलं वाक्य यायचं: "बारावीला इंग्रजीत मला ब्याण्णव होते रं." आम्ही तोंडं उघडी टाकून बघत राहायचो. त्या ब्याण्णवच्या धाकानं मी इंग्रजीत कधी नापास झाले नाही.

माणूस नियमाचा कडक. एकदा त्यांचे सख्खे मेहुणे नातं तिकिटापेक्षा मोठं समजून बसले. चाचांनी एक बेल मारली, मेहुण्यांना भर उन्हात खाली उतरवलं आणि दोन बेल देऊन गाडी सोडली. त्या ईदला सासरहून शिरखुर्मा आला नाही. उतरवलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी आमच्या पट्टीवर इंग्रजीत वाक्य होतं: मेहुणा सावकाश घरी चालत गेला. 'सावकाश'च्या इंग्रजी शब्दाला त्यांनी फार प्रेमानं तीन भोकं पाडली.

मी पुढे इतिहास शिकवायला लागले. यंदा बारावीच्या इंग्रजीच्या पेपरला कर्जतमध्ये पर्यवेक्षक होते. प्रवेशपत्रं तपासत तिसऱ्या बाकापाशी आले आणि माझ्या हातातलं पेन पडलं. पांढरी दाढी, अडुसष्ट वर्षांचं वय, पुढ्यात पाण्याची बाटली.

"चाचा, तुम्ही?"

"हळू गं," ते म्हणाले. मग एकदम सावरून, "म्हंजे, हळू बोला मॅडम. तीनदा नापास झालो होतो इंग्रजीत. जल्मभर तुमाला खोटं सांगितलं. आता जायच्या आधी खरं करून टाकतो."

ज्यांच्या धाकानं मी पास होत गेले, ते स्वतःच नापास.

दोन तास धड गेले. मग मी त्यांची उत्तरपत्रिका पाहिली. पहिल्या दोन पानांवर भोकंच भोकं. गृहस्थानं टाचणी आणली होती. प्रश्नपत्रिका उत्तरपत्रिकेवर ठेवून, उतारा वाचता वाचता सवयीनं एकेका शब्दाला टोचत बसले होते. उत्तरपत्रिकेवर अशी खूण म्हणजे परीक्षकाला ओळख पटवण्याचा प्रयत्न. पेपरच रद्द होऊ शकतो.

त्यांनीही ती भोकं पाहिली. चेहरा पांढराफटक. मी वाकून म्हटलं, "चाचा, मला वर कळवावं लागेल."

"कळवा," ते म्हणाले. "मेव्हण्याला उतरवलेला मी. माझ्यासाठी गाडी थांबवू नका." आणि पुढचं उत्तर लिहायला लागले.

मी कळवलं. केंद्रप्रमुखांना सगळी हकीकत लिहून दिली आणि शाळेपासून कंपासपेटीत जपलेली एक पट्टी पुरावा म्हणून जोडली. 'सावकाश'वाली. तीन भोकं अजून शाबूत होती.

निकाल राखून ठेवला गेला. चाचांना चौकशीला बोलावलं. तिथे त्यांना एक नवं वाक्य आणि टाचणी दिली म्हणे, आणि त्यांनी शब्दाशब्दाला मोजून भोकं पाडत समोरच्या साहेबांना शब्दांच्या जातींचा धडाच दिला. निकालाचं मात्र मला काहीच कळेना. तीन आठवडे मी फोनकडेच बघत होते.

मग एका दुपारी त्यांचाच फोन आला.

"पास. छत्तीस."

मी रडत होते का हसत होते, आठवत नाही.

"मॅडम, ते ब्याण्णव मी परत घेतले. ज्याला ज्याला सांगितले होते, त्या सगळ्यांची यादी काढलीय. एकेकाला फोन करून सांगतो हाय, खरे छत्तीसच. तू बाविसावी."

"मग बाकीचे काय म्हणाले?"

चाचा अगदी दुखावलेल्या आवाजात म्हणाले, "एकाचाही विश्वास बसत नाय गं. म्हणतात, चाचा, या वयात असलं खोटं बोलू नका."