कालव्यापलीकडची चाळीस एकर

वासरांना भूक लागली की ती सुतक पाहत नाहीत. सेराफीम सिल्वेरा गेला त्या जानेवारीच्या सकाळी अमेरिकेतल्या तुलारीच्या खोऱ्यात धुकं इतकं दाट होतं, की गोठ्यातून घर दिसत नव्हतं. त्या धुक्यातून त्याची बायको देओलिंदा, काळा झगा घालून, दोन्ही हातांत दुधाच्या बादल्या घेऊन वासरांच्या खोपटांकडे चालली होती. मी तेव्हा त्यांच्याकडे दूध काढायला होतो.

"काकू, आजच्या दिवस राहू द्या," मी म्हणालो.

"का? आज ती उपाशी राहणार आहेत?" एवढंच बोलली. मग नव्या वासराच्या तोंडात दोन बोटं घालून तिने त्याचं तोंड अलगद बादलीत नेलं.

आम्हा बेटावरच्या लोकांत पुरुषांनी गायी पाहायच्या आणि बायकांनी वासरं, अशी रीत. देओलिंदाकाकू तेवीस वर्षांची असताना समुद्रापलीकडच्या साओ जोर्ज बेटावरून इथे आली. बत्तीस वर्षांत तिच्या बोटांनी दूध प्यायला शिकलेली वासरं तिने कधी मोजली नाहीत. सेराफीमने केव्हाच अमेरिकेच्या नागरिकत्वाची शपथ घेतली होती, तिने नाही. तिचं ग्रीन कार्ड बिस्किटांच्या डब्यात, बेटावरच्या घराच्या किल्लीशेजारी पडून असे. कार्डावर वेणी घातलेली, कॅमेऱ्याला घाबरलेली एक मुलगी होती.

"घरात एक अमेरिकन, एक बेटावरची. गायींना काय फरक पडतो?" असं सेराफीम म्हणायचा.

तिने शपथ घेतली नाही ती तिच्या गास्पारमामामुळे. मामाने फार पूर्वी शपथ घेतली आणि मग बेटावर गेला, तर त्याला परक्यांच्या रांगेत उभं केलं. ज्या मातीत जन्मला तिथेच त्याला विचारलं, किती दिवस राहणार? तेव्हापासून देओलिंदाकाकूच्या मनात पक्कं बसलं होतं, की ज्याने इथे शपथेसाठी हात वर केला त्याचं बेट गेलं, आणि बेटावरचं घरही. तिचं नि तिच्या बहिणीचं मिळून तिथे काळ्या दगडाचं घर होतं, मागे द्राक्षाचे चार वेल.

सेराफीमला पुरून आठवडा झाला आणि आवेलार वकील आला. तोही आमच्यातलाच, गोठ्यात वाढलेला. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी तो बसला. समोर काकू नि तिचा मुलगा नोर्बेर्तो.

"काकू, या मालमत्तेतलं निम्मं तुमचंच आहे, त्याला कुणी हात लावत नाही. प्रश्न काकांच्या निम्म्याचा आहे. तुम्ही नागरिक असता तर ते सगळं तुमच्याकडे बिनकराचं आलं असतं. ग्रीन कार्डवाल्या बायकोला ती सूट नाही."

"का?"

"सरकारला वाटतं, ती सगळं घेऊन आपल्या देशी निघून जाईल."

"बत्तीस वर्षं वासरं पाजली, आणि आता पळून जाईन? गायी काय पेटीत घालून नेऊ?"

"कायद्याला तुमची वासरं दिसत नाहीत, काकू."

वारशाचा कर दीड लाख डॉलर होत होता. एवढी रक्कम फक्त कालव्यापलीकडची चाळीस एकर विकूनच उभी राहणार होती. लसूणघास तिथलीच. ती गेली की चारा विकतचा, आणि विकतच्या चाऱ्यावर दुधात काय उरतं हे आमच्याकडचं शेंबडं पोरही सांगेल. नोर्बेर्तो टेबलावरचा पावाचा चुरा गोळा करत राहिला.

"दुसरी वाट?" काकूने विचारलं.

"काकांचा वाटा विश्वस्ताच्या हाती द्यायचा. मग त्यातली गाय विकायची तरी त्याला विचारा. आणि कर टळत नाही, नुसता लांबतो. नाहीतर शपथ. कराचे कागद भरायला नऊ महिने आहेत, मागून घेतले तर आणखी सहा. त्याआधी नागरिक झालात तर हा कर उरतच नाही."

"आणि बेट?"

"बेट कुठे जात नाही, काकू. तिकडचा कायदा बदलला."

"वकील असंच म्हणतात," काकू म्हणाली आणि कॉफीची भांडी उचलायला लागली. नागरिकत्वाचा अर्ज भरून तयार होता, सही तेवढी राहिली. चार महिने तो फळीवर मिठाच्या बरणीखाली पडून होता.

आमच्याकडे ईस्टरनंतर पवित्र आत्म्याचा चांदीचा मुकुट आठवडा आठवडा घरोघरी मुक्काम करतो. कुणाकडे कधी, त्याच्या चिठ्ठ्या आदल्या वर्षीच्या जत्रेत निघतात. सहाव्या आठवड्याची चिठ्ठी सेराफीमने उचलली होती. लोक म्हणाले, सुतकाचं घर आहे, दुसऱ्याला देऊ.

"तो गेला. चिठ्ठी नाही गेली," काकू म्हणाली.

मुकुट आला, बैठकीत फुलांत बसला. रविवारी सकाळी जेवणावळीसाठी सात बायका स्वयंपाकघरात होत्या. माझी बायको त्यांत होती, तिने मला हे सांगितलं. मोठ्या हंड्यात बैलाच्या मांसाचा रस्सा उकळत होता, पाव कापणं चालू होतं, पुदिन्याचा ढीग पडला होता. देओलिंदाकाकू हातातली जुडी ठेवून एकदम म्हणाली, "जमीन राखायची तर बेट सोडावं लागतंय."

पाव कापणाऱ्या फिलोमेनाची सुरी थांबली. ती काकूची लहानपणापासूनची मैत्रीण, त्याच गावची.

"कोण म्हणतं सोडावं लागतं?"

"गास्पारमामाचं काय झालं, माहीत नाही तुला?"

"अगं, त्या गोष्टीला पंचवीस-तीस वर्षं झाली! आता दोन्हीकडचं होता येतं."

"तुला गं काय ठाऊक?"

फिलोमेनाने बैठकीचं दार लोटून घेतलं. "मी घेतलीय शपथ. चौऱ्याऐंशी साली."

काकू तिच्याकडे वळली.

"आणि दर उन्हाळ्यात बेटावर जातेस ती?"

"आपल्याच रांगेतून जाते. दोन पासपोर्ट, दोन्ही पोलक्यात. घरही माझंच आहे अजून."

"अकरा वर्षं मला सांगितलं नाहीस?"

"कशी सांगू? गास्पारमामाला काय काय नावं ठेवलीस, ती मीच ऐकली होती ना!"

मग कोपऱ्यातून कुणी म्हणालं, "मी पण." मग आणखी एक. ऐंशीला टेकलेली पाल्मीरा आजी पुदिना निवडता निवडता म्हणाली, "मला वाटलं मी एकटीच पापी." सातांतल्या पाच निघाल्या. एकमेकींपासून लपवून, एकमेकींच्याच भीतीने. बायको सांगते, त्या इतक्या हसल्या की रस्सा उतू गेला. देओलिंदाकाकू मात्र आधी हसली नाही. ती मुकुटासमोर जाऊन थोडा वेळ उभी राहिली. परत आली तेव्हा मिठाची बरणी उचलली आणि सही केली.

मुलाखतीला पुढचा जानेवारी उजाडला. वयामुळे तिला आपल्या भाषेत उत्तरं द्यायची मुभा होती, दुभाषी शेजारी होता. शेवटी अधिकाऱ्याने सहज विचारलं, "इतकी वर्षं थांबलात, मग आताच का?"

नोर्बेर्तोने तिच्याकडून एक सुरेख वाक्य पाठ करून घेतलं होतं. ते तिने बाजूला ठेवलं आणि आपल्या मोडक्या इंग्रजीत म्हणाली, "गायींसाठी. आणि चाळीस एकरांसाठी."

शेजारी बसलेल्या आवेलारने डोळे मिटून घेतले.

"खरं बोललात," अधिकारी म्हणाला.

"खोटं बोलायला तेवढं इंग्रजी येत नाही," काकू म्हणाली. तो हसला आणि शिक्का मारला.

शपथ मार्चमध्ये झाली, मुदत संपायला तीन आठवडे असताना. रंगीबेरंगी माणसांत ती एकटीच काळ्या कपड्यांत. दारात ग्रीन कार्ड परत द्यायचं होतं. "त्यातला फोटो मला मिळेल का?" तिने विचारलं. नाही म्हणाले. वेणीवाल्या मुलीकडे तिने एकदा नीट पाहिलं आणि कार्ड दिलं. बदल्यात एक कागद मिळाला, आणि हातभर काठीचा छोटा झेंडा.

आवेलारने आठवड्याभरात कराचे कागद भरले. कालव्यापलीकडे लसूणघास गुडघ्याला लागली होती, नोर्बेर्तो यंत्राची पाती घासत होता.

शपथेच्या दिवशी मात्र काकू घरी आली ती थेट खोपटांकडे. दुपारच्या दुधाची वेळ झाली होती. झेंडा तिने झग्याच्या खिशात खोचला होता, तो विसरून ती बादलीशी वाकली. दोन दिवसांच्या कालवडीने मान लांब केली, झेंड्याचं टोक तोंडात धरलं आणि चोखायला लागली.

"सोड गं," काकू तिच्या तोंडात दोन बोटं घालत म्हणाली, "दीड लाखाचा आहे तो."