पडून राहण्याचं काम

अंथरुणावर पडून राहिलेल्या माणसाचं काय होतं, हे सिंधूताई अवसरमोल यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांचे यजमान देवानंद एस.टी.त ड्रायव्हर होते. चिखली डेपोत एका दुपारी गाडी उभी करून खाली उतरताना त्यांची उजवी बाजू गेली, ती पुन्हा आलीच नाही. त्यानंतर अमडापूरच्या दोन खोल्यांच्या घरात एक लोखंडी खाट आणि तिच्यावरचा माणूस, एवढाच सिंधूताईंचा संसार उरला. सकाळी त्याचं सगळं आवरायचं, शाळेत जाऊन पोरांची खिचडी शिजवायची, घरी येऊन त्याची कूस बदलायची, पाठीला पावडर लावायची, रात्री पुन्हा उठून कूस बदलायची. भेटायला येणारे म्हणायचे, किती करता हो तुम्ही. म्हणायचे आणि चहा पिऊन जायचे.

चिखलीच्या एका फिजिओथेरपीवाल्याने त्यांना पायाचा एक व्यायाम शिकवला होता. पाऊल आपल्याकडे ओढायचं, मग खाटेच्या आडव्या पट्टीला टाच टेकवून जोरात रेटायचं, दम धरायचा आणि सोडायचं. पाय हलताना दिसत नाही, पण पोटरी कामाला लागते. देवानंदचा डावा पाय सिंधूताईंनी या एका व्यायामावर शेवटपर्यंत शाबूत ठेवला. उजव्याची मात्र नुसती काठी झाली. परवाच्या हिवाळ्यात देवानंद गेले, तेव्हा तेराव्या-चौदाव्याची वाट न पाहता सिंधूताईंनी खाट भंगारवाल्याला देऊन टाकली. चांगली लोखंडी खाट होती, असं कुणी म्हणालं. "मंग तुमी न्याची होती," त्या म्हणाल्या. त्यांना आता कुणाचं काही करायचं नव्हतं. आपण दमलोय, हे त्या उघड सांगत, आणि बाईने असं सांगितलेलं लोकांना आवडत नाही, याची त्यांना फिकीर नव्हती.

आणि अशा बाईचा एकुलता एक मुलगा प्रसेनजित एका संध्याकाळी जेवताना म्हणाला, "आई, मले एका जागी घेतलं."

"कायच्या कामावर?"

"पडून राह्याच्या."

सिंधूताईंना वाटलं, पोरगा थट्टा करतोय. पण तो थट्टा करणाऱ्यातला नव्हता. लहानपणापासून त्याचं डोकं आभाळात. बी.एस्सी. झाला, अवकाशातल्या नोकऱ्यांच्या परीक्षा दिल्या, एकीतही नंबर लागला नाही. चिखलीत मोबाइलच्या दुकानात बसायचा आणि रॉकेट उडालं की गिऱ्हाइकाला तसंच उभं ठेवून व्हिडिओ बघायचा. आता दक्षिणेतल्या कुठल्याशा संस्थेने माणसं मागवली होती. वर यानात गेलेल्या माणसाच्या अंगाला वजन राहत नाही, पायांना काम राहत नाही. मग हाडं ठिसूळ होतात, मांस उतरतं, रक्त डोक्याकडे चढून तोंड सुजतं, नजर अधू होते. हे खाली जमिनीवर तपासायचं, तर धडधाकट माणसाला दोन महिने खाटेवर झोपवायचं. तेही डोक्याकडची बाजू पायांपेक्षा जराशी खाली ठेवून. जेवण, अंघोळ, संडास, सगळं पडल्या पडल्या. उठून बसायचं नाही.

सिंधूताईंनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. "तुह्या बापाचे पाय पाह्यले नाहीत काय तू?"

"पाह्यले. म्हणूनच चाललो."

"म्हणजे?"

"बाबाचे पाय गेले, ते कोनाच्याच कामात आले नाहीत. माह्ये येतील. मले तं काही वर जाले भेटत नाही, आई. जे जातील, त्याईचे पाय तं वाचतील."

भांडायलाही अंगात बळ लागतं. ते त्यांच्याकडे उरलेलं नव्हतं. त्यांनी त्याच्या बॅगेत दोन चादरी घातल्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. चटणी तिकडच्या लोकांनी दारातच काढून ठेवली. खाणंही मोजूनमापून होतं म्हणे.

गावात बातमी पसरायला वेळ लागला नाही, पण ती गावाच्या पद्धतीने पसरली. माणूस अंथरुणाला खिळला की भेटायला जायचं, बिस्किटांचा पुडा न्यायचा, ही रीत. खिळलेला माणूस घरातच नाही, म्हणून ती रीत काही थांबत नव्हती. शेजारच्या कौशल्याबाई, ज्यांचा भाजीचा मळा होता, त्या वांगी आणि पुडा घेऊन आल्या.

"कसं हाये आता पोराचं?"

"त्याले काही झालं नाही, कौशल्याबाई. तो चांगला हाये. मुद्दाम झोपला."

"मुद्दाम कोन झोपते माय?" कौशल्याबाई म्हणाल्या आणि टेकल्या. त्यांच्यामागून आणखी दोघी आल्या. सिंधूताईंनी चहाचं आधण ठेवलं. तेच पुडे, तेच उसासे, तेच 'किती करता हो तुम्ही'. फक्त या खेपेला त्या काहीच करत नव्हत्या, आणि तेच जास्त जड जात होतं.

संध्याकाळी थोडा वेळ प्रसेनजितला फोन मिळायचा. पहिल्यांदा व्हिडिओवर त्याचं तोंड दिसलं, तेव्हा सिंधूताईंनी फोन डोळ्यांजवळ नेला. गाल फुगलेले, डोळे बारीक, आवाज सर्दी झाल्यासारखा. पाठ दुखते, म्हणाला. आणि पाय?

"पाय हायेत का नाही, तेच समजत नाही."

हे वाक्य देवानंद बोलायचे. अगदी याच शब्दांत.

"ऐक. बाबाले करवत होतो ना, तसं कर. पाऊल ओढ, टाच पट्टीले टेकव, अन् रेट."

"नाही आई. आमच्या दोन टोळ्या हायेत. एकीले झोपल्या झोपल्या कसरत करवतात. माही टोळी नुसती पडून राह्याची. हालायची मनाई हाये."

"हालू कोन म्हणते? नुसतं रेट. चादरीतून कोनाले दिसते?"

"कॅमेरा हाये वरतं."

"तो तुह्ये पाय पाह्यन. पोटरीतलं पाह्यन काय?"

प्रसेनजित नको नको म्हणाला. सिंधूताईंनी त्याला बापाची शपथ घातली. मेलेल्या माणसाची शपथ कशाला मोडायची, म्हणून असो की पाय खरंच दुखत होते म्हणून असो, त्याने ऐकलं. मग रोज संध्याकाळी फोन लागला की जेवलास का, याच्याआधी त्या विचारायच्या, "रेटलं का?" आणि तो हळूच म्हणायचा, "हाव." सिंधूताईंना त्या दिवसांत बऱ्याच वर्षांनी सलग झोप लागली. आपण पोराला वाचवतोय, याचं समाधान होतं ते. फसवणूक वगैरे शब्द त्यांच्या मनालाही शिवला नाही. मोठी संस्था, परदेशी यंत्रं, एका पोराच्या पोटरीने तिथे काय बिघडणार?

दोन महिन्यांतला बराचसा काळ सरला, तेव्हा एका दुपारी तिकडून डॉक्टरीणबाईंचा फोन आला. नाव अर्पिता. मराठी बोलणारी तिथे ती एकटीच, म्हणून तिच्याकडे हे काम आलेलं.

"काकू, घाबरू नका. प्रसेनजित उत्तम आहे. खरं तर फारच उत्तम आहे. त्याच्या गटातल्या सगळ्यांच्या पोटऱ्या उतरल्या, याची जवळजवळ तशीच आहे. आधी वाटलं, गुपचूप काही करतो की काय. कॅमेऱ्यातलं सगळं पाहिलं, काही सापडलं नाही. म्हणून विचारते, तुमच्या घराण्यात हाडापेराने असं कुणी मजबूत होतं का?"

सिंधूताईंच्या हातात तेव्हा खिचडीचा झारा होता. त्यांनी तो पातेल्यात सोडला. "आमच्या घरात सगळे चालणारेच लोक," त्या म्हणाल्या. आणि मग, का कुणास ठाऊक, त्यांनी विचारलं, "त्याचे पाय चांगले हायेत, ते तुमच्या कायच्या कामात येते, बाई?"

अर्पिताला बोलायची हौस होती. ती सांगत गेली. वर जागा थोडी, वजन न्यायचं ते मोजून. व्यायामाचं यंत्र किती मोठं न्यायचं, रोज किती वेळ व्यायाम करायचा, हे या झोपलेल्या मुलांवरून ठरवायचं. मुलं थोडीच आहेत, त्यामुळे एकाचा आकडा असा चांगला आला तरी सगळ्यांची सरासरी हलते. म्हणजे वाटलं होतं त्यापेक्षा कमी व्यायामात भागेल, असं निघू शकतं.

"अन् नाही भागलं तं?"

"तर परत आलेला माणूस उभा राहताना कोसळेल. हाड मोडेल. यान समुद्रात उतरलं आणि आत धूर झाला, पाणी शिरलं, तर ज्याने त्याने आपल्या पायांनीच बाहेर पडायचं असतं, काकू. उचलायला तिथे कुणी नसतं."

फोन ठेवल्यावर खिचडी लागल्याचा वास आला. मुख्याध्यापक हिंमतराव खोलीबाहेर आले, पातेल्यात डोकावले आणि सिंधूताईंचा चेहरा बघून परत गेले. पोरांनी करपलेली खिचडी खाल्ली. सिंधूताई चुलीजवळच बसून राहिल्या. देवानंदला उचलता उचलता त्यांच्या कमरेची वाट लागली होती. पण तिथे उचलायला त्या होत्या. वरून येणारा तो कुणाचा मुलगा, कुठला, त्यांना माहीत नव्हतं. पाण्यात त्या डब्यात तो पडलेला असेल आणि त्याचे पाय चालणार नाहीत. कारण अमडापूरच्या एका बाईने आपल्या मुलाचे पाय राखले. त्यांना स्वतःचा भयंकर राग आला. आणि थकवा असा आला, की तो रागही पुरता करता येईना.

संध्याकाळी फोन लागला. या वेळी त्यांनी रेटलं का, असं विचारलं नाही.

"बाबू, डॉक्टरीणबाईले सांग, तू काय करत होता ते."

पलीकडे प्रसेनजितला क्षणभर समजलंच नाही. समजलं, तेव्हा तो हळू आवाजात म्हणाला, "आई, तूच तं सांगतलं होतं."

"हाव. मीच सांगतलं. चुकलं माह्यं."

"थोडेच दिवस राह्यले ना आता. मले काढून टाकतील. इतके दिवस पडलो, ते सारे वाया जातील. अन् कोनाले समजलंही नाही."

"कोनाले समजलं नाही, हेच तं वाईट झालं. त्याईनं खरंच धरलं ते. कोनाचा तरी पोरगा वरून येईन अन् उभा नाही राहू शकणार. त्याच्या मायनं काय करावं?" त्या म्हणाल्या. "तू सांग. नाहीतं मी सांगते. पण तू सांगतलेलं बरं."

प्रसेनजित रडला. सव्वीस वर्षांचा मुलगा, डोकं खाली करून पडलेला, त्याचं पाणी डोळ्यांतून कपाळाकडे वाहत होतं आणि त्याला उठून तोंडही धुता येत नव्हतं. सिंधूताईंनी ते सगळं पाहिलं. फोन बंद केला नाही.

त्याने दुसऱ्या दिवशी सांगितलं. कुणी ओरडलं नाही म्हणे. अर्पिताने त्याच्या खाटेवरचं त्याचं नाव काढून घेतलं. त्याचे सगळे आकडे बाजूला काढले. रेल्वेने जालना आणि तिथून देऊळगाव राजावरून चिखलीच्या गाडीने तो घरी आला. आपल्या पायांनी, कुणाचा हात न धरता, चांगला ताठ चालत आला. गल्लीतल्या लोकांनी म्हटलं, बघा, पोरगं खडखडीत बरं झालं. कौशल्याबाईंनी तर नारळ आणला. प्रसेनजित आईशी कित्येक दिवस कामापुरतं बोलत होता. त्या वाढत होत्या, तो जेवत होता. आपल्याच हातांनी आपण याचं एकमेव सुख काढून घेतलं, हे सिंधूताईंना घासागणिक टोचत होतं. पण माफी मागून तरी काय होणार होतं?

पावसाळा सरता सरता तो म्हणाला, "पुढच्या टोळीत जागा हाये. डॉक्टरीणबाई म्हणते, अंग पयल्यासारखं झालं असन, तं ये. पयल्या दिवसापासून पडा लागन."

"तुले जायचं हाये?"

"हाव."

त्यांनी पुन्हा दोन चादरी काढल्या. चटणी बांधली नाही.

या खेपेला फोन रोज येत नसे. यायचा, तेव्हा तोंड तसंच सुजलेलं. पोटऱ्या उतरताहेत, हे तो सांगत नव्हता, पण अर्पिताने एकदा सांगितलं होतं: आता त्याचा आकडा इतरांसारखाच आहे. ती आनंदाने सांगत होती. सिंधूताईंनी ऐकून घेतलं.

एका संध्याकाळी प्रसेनजितचा फोन आला. आधी त्याने इकडचं तिकडचं विचारलं. मग म्हणाला, "आई, पाय लय दुखून राह्यले. बाबासारखे वाटून राह्यले. काय करू?"

सिंधूताई जमिनीवर बसल्या होत्या. त्यांचा उजवा हात आपोआप पुढे गेला होता, पाऊल धरायला जातो तसा. त्यांनी तो मागे घेतला आणि मांडीखाली दाबून धरला.

"काही नको करू," त्या म्हणाल्या. "पडून राह्य."

"बरं," तो म्हणाला.

फोन बंद झाल्यावर सिंधूताई रडल्या. देवानंद गेले, तेव्हा त्यांना रडता आलं नव्हतं, कारण तेव्हा त्या खूप दमल्या होत्या. आता त्याहूनही दमल्या होत्या, पण रडू काही थांबेना.