एकही गिरणी राहता कामा नये

मी रोमन लोकांवर पुस्तक लिहिते आहे म्हटलं की समोरचा आधी माझ्याकडे बघायचा आणि मग विचारायचा, "रोमन म्हणजे? ती इंग्रजी लिपी?" कॉलेजच्या स्टाफरूममध्ये हे झालं, लालबागच्या आमच्या चाळीच्या जिन्यात झालं, आणि परळला दाताच्या डॉक्टरकडेही झालं. तिथे तोंडात कापूस असल्यामुळे मला उत्तरही देता आलं नाही. ज्यांना लिपीच्या पलीकडचं ठाऊक होतं ते सिंहांविषयी विचारायचे. माणसांना सिंहापुढे टाकायचे ना ते? हो, टाकायचे. पण उरलेल्या वेळात काय करायचे, हे कोणालाही जाणून घ्यायचं नव्हतं. माझा विषय तो उरलेला वेळ होता.

दादरच्या एका कॉलेजात मी इतिहास शिकवते. आमच्याकडे रोम दोन आठवड्यांत उरकतात. राजे गेले, प्रजासत्ताक आलं, सम्राट आले, बुडालं. बुडायला माझी हरकत नाही. पण मधली शेकडो वर्षं त्या लोकांचा पाव कोणी भाजला, त्यांचे कपडे कोणी धुतले, ते राहायचे कुठे, ह्यावर मराठीत धड वाचायला मिळत नाही ह्याचा मला संताप यायचा. संताप करून काही होत नाही म्हणून शेवटी मीच लिहायला बसले. त्यात तीन वर्षं गेली.

गिरगावातल्या एका जुन्या प्रकाशकाने पुस्तक घेतलं. त्यांचे संपादक म्हणजे चष्मा कपाळावर ठेवून बोलणारे एक सज्जन गृहस्थ. पहिल्याच भेटीत म्हणाले, "मॅडम, दोन-तीन सम्राट टाका. एखादा विषप्रयोग टाका. धोब्यांबद्दल लोक कशाला वाचतील?" रोमचे धोबी कपडे स्वच्छ करायला शिळं मूत वापरायचे, असं मी सांगितल्यावर त्यांनी हातातला चहा बाजूला ठेवला. धोबी राहिले.

खरं भांडण झालं ते चाळीवरून. रोममधली सामान्य माणसं पाच-पाच मजली इमारतींत भाड्याच्या खोल्यांमधून राहायची. खाली दुकानं, वर बिऱ्हाडं. जितकं वर जावं तितक्या खोल्या लहान, पाणी खालून भरून आणायचं आणि डागडुजीच्या नावाने शंख. मी सरळ 'चाळ' लिहिलं. संपादकांनी लाल पेनाने त्याचं 'बहुमजली निवासी इमारत' केलं. मी परत चाळ केलं, त्यांनी परत खोडलं. "चाळ म्हटलं की वाचकाच्या डोळ्यांपुढे कॉमन गॅलरी येते, गणपती येतो," ते म्हणाले. मी म्हटलं, "येऊ द्या की. निदान काहीतरी येतं. तुमच्या शब्दाने बिल्डरचं होर्डिंग येतं." चार महिने हे चाललं होतं. ज्या माणसांबद्दल लिहायचं त्यांच्यासारखी माणसं जे शब्द बोलतात तेच छापले पाहिजेत, असं मी त्यांना दर भेटीत ऐकवत होते. चाळ टिकली. पण त्या नादात दुसरा एक शब्द माझ्या डोळ्यांदेखत चुकीचा गेला, आणि तो मी स्वतःच लिहिलेला होता.

इथे बाबांविषयी सांगायला हवं. माझे बाबा गिरणी कामगार. मालवणहून मुंबईला आले आणि लोअर परळच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणतात त्या खात्यात, लागले. गिरणी बंद पडेपर्यंत तिथेच होते. त्या जागेवर आता काचेची ऑफिसं आहेत. बाबा तिथून जाताना रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला बघतात.

मी लिहिलेलं त्यांनी कधी काही वाचलेलं नव्हतं. प्रबंध इंग्रजीत, लेख इंग्रजीत. काही छापून आलं की ते पहिलं पान उघडून माझं नाव बघायचे आणि कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवून द्यायचे. हे पुस्तक मराठीत का, असं कोणी विचारलं की मी भाषेची गरज वगैरे सांगते. खरं कारण एवढंच होतं की माझं एक तरी पुस्तक बाबांनी वाचावं. बाकी कोणी नाही वाचलं तरी चालेल, इथवर माझी मजल गेली होती. अर्पणपत्रिका मी पहिल्याच दिवशी लिहून ठेवली होती. 'बाबांना, ज्यांनी आपली उमेदीची वर्षं गिरणीत घालवली.'

विणकामाच्या प्रकरणात तर ते माझे मास्तरच झाले. तिकडचा जुना माग भिंतीला टेकवून उभा करत. ताण्याचे धागे वरून खाली सोडलेले आणि ते ताठ राहावेत म्हणून खाली मातीची वजनं बांधलेली. हे वाचून दाखवल्यावर बाबा पलंगावर उठून बसले. "मातीची? मग सगळी सारखी कशी व्हायची? एक जड झालं की कापड तिरकं जाणार." दुसऱ्या दिवशी कॉलेजातून आले तर खिडकीच्या गजांना सुतळ्या बांधून त्यांनी खाली बटाटे लोंबकळत ठेवले होते आणि शेजारच्या दोघी-तिघींना रोमन माग समजावून सांगत होते.

त्याहून त्यांना आवडला तो पाववाला. रोमच्या एका वेशीजवळ एका पाववाल्याची कबर आहे, अजून उभी आहे. बहुधा आधी गुलाम असलेला आणि पुढे चार पैसे मिळवलेला माणूस. त्याने कबरीवर आपलं कामच कोरून घेतलं. दळणं, मळणं, भाजणं, पाव तोलून देणं, सगळं ओळीने. "आपल्या खात्याचं नाव वर लावल्यान म्हण की," बाबा म्हणाले. ते प्रकरण छापून आलं की आधी मला दे, असंही बजावून ठेवलं.

प्रुफं आली तेव्हा मी पाववाल्याची पानं त्यांच्या हातात दिली आणि कुकर लावायला गेले. तिसऱ्या शिट्टीच्या आत ते माझ्या मागे येऊन उभे राहिले. बोट एका ओळीवर होतं. मी लिहिलं होतं, 'ऐकत नसलेल्या गुलामाला शिक्षा म्हणून गिरणीत पाठवत. गिरणीचं नाव काढलं की गुलाम थरथर कापत.'

"काय गो, ह्यां काय लिवलंस?"

"बाबा, ती पिठाची गिरणी. दळणाची."

"तू दळण घेऊन कुठे जातेस?"

"चक्कीवर."

"मग?"

"छापताना गिरणी म्हणतात, बाबा. सगळीकडे म्हणतात."

"म्हणू देत सगळीकडे. लालबागमध्ये गिरणी म्हणजे गिरणी." ते आवाज चढवत नाहीत, आताही चढवला नाही. "दोन वर्षं गेटवर बदलीसाठी उभा राहिलो मी. कोणी खाडा केला तर त्याच्या जागी आत घ्यायचे, नायतर घरी. दोन वर्षं असा उभा राहिलो तेव्हा साचा मिळाला, माझा म्हणून माग. आणि तू लिवतेस, शिक्षा म्हणून पाठवायचे?"

मी खूप समजावलं. पुढच्या वाक्यात दळायचं जातं आहे, बेड्या आहेत, पीठ आहे, कोणीही वाचलं तरी कळेल, वगैरे. त्यांनी पानं नीट जुळवून टेबलावर ठेवली, त्यावर चष्म्याचं घर ठेवलं आणि गॅलरीत जाऊन बसले. पुढचे तीन दिवस आमच्या घरात रोमचं नाव निघालं नाही. इतके दिवस बदलून बदलून टांगलेले बटाटेसुद्धा सोडून त्यांनी टोपलीत टाकले.

मला त्यांचा भयंकर राग आला होता. एवढ्या मोठ्या पुस्तकातून ह्यांना एकच शब्द दिसावा? मग हळूहळू राग दुसरीकडे वळला, कारण खरी गोष्ट मला माहीत होती. लिहिताना चक्की हा शब्द मला सुचला होता. तो हिंदी वाटला, नाक्यावरचा वाटला, म्हणून मी खोडला आणि शुद्ध, पांढरपेशी गिरणी लिहिली. पुण्याच्या वाचकाला त्यात काही खटकलं नसतं. चाळीसाठी चार महिने भांडणारी मी, चक्की लिहायला लाजले होते. गिरणी कामगाराच्या मुलीने गिरणी म्हणजे काय हे विसरावं, ह्याची मला लाज वाटली, आणि लाज वाटली की मी आणखी चिडते.

त्याच चिडीत गिरगावला गेले. संपादक म्हणाले, "गिरणी बरोबर आहे, मॅडम. शब्दकोश बघा. आणि चक्की म्हटलं की लोकांना तुरुंग आठवतो."

"आठवू द्या. तुरुंगच होता तो."

"पण छपाईसाठी पानं लागलीत आता."

"मला काही सांगू नका," मी म्हटलं. "सगळीकडे चक्की करा. ह्या पुस्तकात एकही गिरणी राहता कामा नये."

त्यांनी आतल्या कॉम्प्युटरवर बसणाऱ्या बाईंना हाक मारून माझं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. दोन मिनिटांचं काम आहे, असं आतून उत्तर आलं. मी समाधानाने चहा प्यायले. घरी येऊन बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "बरं केलंस," आणि तो पाववाला मेला तेव्हा केवढा होता, असं विचारलं. ते माहीत नाही म्हटल्यावर नेहमीसारखे वैतागले. मला हायसं वाटलं.

महिन्याभराने माझ्या पंचवीस प्रती आल्या. बाबा खाली पेपर आणायला गेले होते. मी गठ्ठ्याची दोरी कापली, वरचं पुस्तक घेतलं आणि अर्पणपत्रिका उघडली.

'बाबांना, ज्यांनी आपली उमेदीची वर्षं चक्कीत घालवली.'

मागचं पान बघितलं. 'लेखिका गिरणगावात वाढल्या. चक्की कामगाराच्या ह्या मुलीने...' पुढचं वाचवेना. गिरणगाव तेवढं बचावलं होतं, कारण त्यात णी नाही.

मी संपादकांना फोन लावला आणि जे तोंडाला आलं ते बोलले. ते शांतपणे म्हणाले, "एकही राहता कामा नये असं आपणच म्हणालात, मॅडम. दुसऱ्या आवृत्तीत दुरुस्त करू." मराठीत, रोमच्या धोब्यांवरच्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती! मी फोन ठेवला. सगळ्या प्रती पलंगाखाली ढकलाव्यात, अजून आल्याच नाहीत म्हणून सांगावं, असा विचार करत होते तोवर बाबा दारात.

"आलं काय?"

त्यांनी चप्पल काढली, हात धुतले, पुसले आणि चष्मा लावला. पहिल्या पानावर माझं नाव बघितलं. ह्या खेपेला पान उलटलं. पेपर वाचतात तसं मोठ्याने वाचू लागले. "बाबांना, ज्यांनी आपली उमेदीची वर्षं..." आणि थांबले. मी कॉम्प्युटर, संपादक, दोन मिनिटांचं काम, सगळं एका दमात सांगत सुटले. ते ऐकून घेत होते की नाही कोण जाणे.

"पेन दे," म्हणाले.

त्यांनी 'चक्कीत' ह्या शब्दावर एक सरळ रेघ मारली. वर 'गिरणीत' लिहिलं. बाजूला जागा होती तिथे 'साचेखाते' लिहिलं. मग पाववाल्याचं प्रकरण उघडून गुलामाची ओळ शोधली, तिथली चक्की बघितली, "हां, इथे बरोबर," म्हणाले आणि गठ्ठ्यातली दुसरी प्रत ओढली.

"राहू दे बाबा. पुढच्या आवृत्तीत छापून येईल."

"तोवर लोकांनी काय वाचायचं?"

जेवणवेळेपर्यंत पंचवीसच्या पंचवीस झाल्या, मागच्या पानांसकट. पेनाचं झाकण लावून त्यांनी विचारलं, "बाकीची कुठेत?"

"दुकानांत. दादरला, गिरगावात."

"मग उद्या दादरला जाऊ."

"बाबा, असं पेन घेऊन कोणी दुकानातल्या पुस्तकांवर लिहू देत नाही. आतसुद्धा घेणार नाहीत."

"नाय घेतलं तर बाहेर थांबू," ते म्हणाले. "गेटवर उभा राहायची सवय आहे मला."

मी चिडलेली होते. कॉम्प्युटरवर, संपादकांवर, सगळ्यात जास्त माझ्या स्वतःच्या वाक्यावर. अजूनही आहे. दादरचं ते दुकान दहाला उघडतं. दुसऱ्या दिवशी साडेनऊलाच आम्ही दोघं बंद शटरसमोर उभे होतो, आणि बाबांच्या खिशात दोन पेनं होती.