लांबीने टाकलेल्या फळ्या

आसगावच्या आमच्या घरावर माळा चढवायचं ठरलं तेव्हा मी सातवीत होते. सागाच्या फळ्या अंगणात रचून ठेवल्या होत्या. त्यांच्यावर दुपारभर लोळायचं आणि माळ्यावर आपण एकटीच कशी ऐटीत झोपू याची स्वप्नं बघायची, एवढंच माझं काम. नव्या लाकडाचा वास डोक्यात चढायचा. फळीवरच्या रेषांवरून बोट फिरवता फिरवता कधी डोळा लागायचा ते कळायचंही नाही.

घरात बाबा आणि काका, दोघे भाऊ, एका चुलीवर जेवणारे. घर लांबट. एक टोक आमचं, दुसरं काका-काकूंचं, तेही नुसतं झोपण्यापुरतं. कोंढ्याहून आलेल्या सुतारमिस्त्रींनी विचारलं, फळ्या घराच्या लांबीने टाकू की रुंदीने? चहा घेऊन आलेली आई तिथेच थांबली.

"रुंदीनं टाका," ती म्हणाली. "उद्या दोघा भावाले वेगळं व्हायचं झालं, त मधात भिंत घालाले सोपं जाते."

काकू विहिरीवर होती हे नशीब. बाबांचा चेहरा उतरला. आईवडील लवकर गेल्यावर काकांना त्यांनीच वाढवलं होतं.

"लांबीनंच टाका मिस्त्री. अन् मधल्या तुळईवर एकही जोड नाही पाहिजे. ज्याले वेगळं व्हायचं असन, त्यानं करवत आणावी."

काका खाली बघत हसले. "दादा म्हणते तसं करा."

माळा झाला. मी सुटीच्या दिवशी तिथे पडून असायची. कौलांच्या फटींतून उन्हाचे ठिपके उतरायचे आणि फळ्यांवरून सावकाश पलीकडच्या टोकाला जायचे. तिकडे काका अनवाणी चालले की इकडे माझ्या पाठीखालची फळी हळूच थरथरायची. त्या थरथरीत झोप इतकी गोड लागायची की आईच्या हाका मला स्वप्नातल्याच वाटायच्या.

मी कॉलेजसाठी भंडाऱ्याला होते तेव्हा भांडण झालं. तलावाचं पाणी आधी कोणाच्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात जाईल, एवढ्यावरून. धानाचं पाणी, शब्दाने शब्द वाढला, आणि चुली वेगळ्या झाल्या. काकूच्या भावाने करवत घेऊन सुतारही आणला. पण काका म्हणाले, "फळ्याइले हात लावाचा नाही." मग फळ्यांवरच बांबूच्या तट्ट्यांची भिंत उभी राहिली. "मी तवाच म्हटलं होतं," आई म्हणायची. मला तिचा भारी राग यायचा, कारण ती खरी ठरली होती.

भावाभावांचं बोलणं बंद झालं. बाबा मात्र वर झोपायला लागले, त्या भिंतीला लागून, साध्या सतरंजीवर. मी विचारलं, "नुसत्या फळ्याइवर कायले झोपता?" तर म्हणाले, "बरं वाटते." एकदा ते शेतावर गेले असताना मी तिथे आडवी झाले. पाठीखाली तीच जुनी थरथर. काका घरी आले होते. बाबांना बरं का वाटतं ते मला कळलं, आणि आईवरचा रागही जरा निवला.

पुढे बाबा आजारी पडले. डॉक्टरांनी जमिनीवर झोपायला मनाई केली. बाबा माळा सोडेनात, म्हणून आम्ही खाटच वर चढवली, तिच्यावर जाड गादी घातली. काका अंगणातून बघत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी भिंतीपलीकडे धाड धाड आवाज सुरू झाला. जन्मात कधी घरात वहाणा न घालणारा माणूस शेतातल्या जाड वहाणा घालून माळ्यावर चालत होता. आई वैतागली.

"घरात वहाणा घालून काहून फिरून राहिला हा?"

बाबांनी डोळे उघडले नाहीत. "फिरू दे त्याले," ते म्हणाले. "अनवाणी चालला त खाटेवर पोचत नाही मले."

आई खाटेच्या पायथ्याशी बसून राहिली. पलीकडे काका दिवेलागणीपर्यंत येरझारा घालत होते.