हरणाबाईची भट्टी

कोंडीबाइतका आतल्या गाठीचा माणूस आख्ख्या आटपाडी तालुक्यात दुसरा नाही, हे हरणाबाई त्याच्या तोंडावर सांगायची. आणि खोटं काय होतं त्यात?

दूर दक्षिणेत, सेलमच्या सराफ बाजारात तिच्या नवऱ्याचं, बिराप्पाचं, गलाईचं दुकान होतं. जुने दागिने वितळवून चोख सोनं काढायचं काम. आजारपणात बिराप्पानं अंथरूण धरलं, तेव्हा भट्टी हिनंच चालवली. तो गेला, त्याचे दिवस होतात न होतात तोच त्याच बाजारातला जुना गलाईवाला, चुलतदीर कोंडीबा दारात हजर.

"वहिनी, दुकान मला द्या न् गावाकडं जावा. बाईमाणसाच्या हातात सोनं कोण देणार?"

"ते मी बघीन. तुमी नगा काळजी करू!"

मेल्यानं मग सराफांचे कान भरले. तिथली रीतच तशी. गावच्या जुन्या गलाईवाल्यानं 'ही आमची' म्हटल्याशिवाय सराफ गुंजभर सोनं हातचं सोडत नाही. हरणाबाईची भट्टी थंड पडली. दुकान ह्या माणसाच्या घशात घालायचं? तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

ती गावी गेली, पण बिरोबाच्या जत्रेला. कोंडीबाही गाडी घेऊन आला होता. भट्टीवर कामाला तरणी पोरं गलाईवाले गावच्या जत्रेतूनच न्यायचे; परक्याला सोन्याजवळ कोण उभं करतंय? हरणाबाई भंडाऱ्याची वाटी घेऊन घरोघर फिरली, थेट त्या पोरांच्या आयांकडं.

"आज माझी भट्टी बंद पाडली. उद्या तुमच्या लेकाचं तिकडं बरंवाईट झालं, तर त्याच्या बायकोचं बी हेच करंल ह्यो मुडदा. मी सांगंपातूर पोरगं त्याच्याकडं धाडायचं न्हाई. लावा भंडारा!"

कपाळाला भंडारा लावला म्हणजे बिरोबापुढं शब्द दिला. सगळ्याजणींनी लावला.

गाडी रिकामी न्यायची पाळी आली, तसा कोंडीबा तिच्यापुढं आला. "वहिनी, घरातलं भांडण गावात कशाला? म्हणाल ते करतो."

"माझ्या भट्टीत पयलं सोनं तुमी आणायचं. समद्या बाजारादेखत. मग पोरं."

आणि आणलं की! सेलमला भर दुपारी, सराफ बघत असताना, सोन्याची पुडी घेऊन तो तिच्या पायरीवर आला. 'ही आमची' म्हणताना एरंडेल प्याल्यासारखं तोंड झालं होतं त्याचं. तसाच आत शिरायला लागला.

हरणाबाईनं भट्टीवरनं मान वर केली.

"चपला भाईर काढा, भावजी."